एक स्टार दिलेल्या साहेबांना, भोसरीहून

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी तुमचा पंप उघडून बघायचा होता. तुम्ही लिहिलंय की १ इंची एअर डायाफ्राम पंप (हवेच्या दाबाने चालणारा) घेतला आणि तीन महिन्यांत डायाफ्राम, म्हणजे द्रव ढकलणारा आतला पडदा, दोनदा फाटला. दुसऱ्या वेळी सायलेन्सरमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते तिथून, शाई उडाली आणि भिंत निळी झाली. मिनिटाला १५० लिटर सांगितले होते, ५० सुद्धा पडत नाहीत. वॉरंटीचं विचारलं तर आमच्या माणसाने "झिजणारा पार्ट आहे" म्हणून फोन ठेवला.

डायाफ्रामची चूक आमची आहे. तुमच्या चौकशीचा कागद मी काढून बघितला. त्यावर आमच्या मुलाने एवढंच लिहिलंय: "शाई, सॉल्व्हंट बेस, १ इंच." कोणतं सॉल्व्हंट, हे विचारलंच नाही. तुम्हाला व्हायटॉन या रबराचा डायाफ्राम दिला आणि वर "व्हायटॉन सगळ्याला चालतं" असंही सांगितलं. हा समज आमच्या धंद्यात फार पसरलेला आहे. व्हायटॉन महाग, म्हणजे सगळ्यात भारी, म्हणजे सगळ्याला चालणार. तसं नाही. टोल्यूनला व्हायटॉन चांगलं टिकतं. पण तुमच्या शाईत टोल्यूनबरोबर इथाइल ॲसिटेटही आहे आणि पंप धुवायला तुम्ही एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) वापरता. या दोन्हींत व्हायटॉन फुगतं. मग नायट्राइल रबर घालावं तर तेही या दोन्हींत जातं. ईपीडीएम रबर इथाइल ॲसिटेटला बऱ्यापैकी तग धरतं, पण टोल्यून त्याला खातं. तिन्ही सॉल्व्हंट एकाच पंपातून जाणार असतील तर नेहमीच्या रबरातलं काहीच उपयोगाचं नाही, टेफ्लॉनच लागतं. एक प्रश्न नीट विचारला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तुमचा फाटलेला डायाफ्राम आत्ता माझ्या टेबलावर आहे. शेजारी नवा ठेवलाय. नवा सपाट बसतो. तुमचा तळलेल्या पापडासारखा काठाला उचललाय आणि नख दाबलं की खूण तशीच राहते. फुगल्यामुळे काठ क्लॅम्पच्या पकडीतून सरकला आणि चीर तिथूनच गेलीय, मधून नाही. झिजलेला डायाफ्राम असा दिसत नाही. खात्रीसाठी नव्या व्हायटॉनचा एक तुकडा मी एमईकेच्या बरणीत टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर हाताला मऊ लागला आणि आकारानेही वाढला होता.

मला जास्त लागलं ते दुसऱ्या वेळचं. पहिला फाटल्यावर आम्ही जुना बघायलाही मागवला नाही, तसाच दुसरा व्हायटॉन पाठवून दिला. जुना एकदा हातात घेतला असता तर तुमची भिंत निळी झाली नसती. आणि गोष्ट भिंतीपुरतीही नाही. डायाफ्राम फाटला की आतलं द्रव हवेच्या बाजूला जातं आणि सायलेन्सरमधून फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. टोल्यूनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो, ४ अंश सेल्सिअस आहे, इथाइल ॲसिटेटचा उणे ४. म्हणजे आपल्याकडे बारा महिने त्याची वाफ पेट घेऊ शकते. त्या वेळी शेजारी कुणी ग्राइंडर चालवत नव्हतं, हे तुमच्या ऑपरेटरकडून कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

आता १५० लिटरबद्दल. इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तो आकडा पाण्याचा, पुढे काही हेड (चढवायची उंची) नसतानाचा आणि पंपाला पूर्ण हवा मिळतानाचा आहे. हे आम्ही त्याच वेळी सांगायला हवं होतं, ते मान्य. पण मंगळवारी तुमच्याकडे येऊन बघितलं तर कॉम्प्रेसरच्या टाकीवर ७ बार होते आणि तिथून पंपापर्यंत ८ मिलीमीटरची पीयू ट्यूब, पार शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पंप बंद असताना त्याच्या तोंडाशीही ७ दिसतात, चालू केला की काटा ३ वर येतो. हवाच पोचत नसेल तर पंप मार कुठून देणार? सक्शनलाही अर्धा इंची पाइप होता. ड्रममधली घट्ट शाई त्यातून ओढताना पंपाचा दम जातो. हवेची लाइन किमान अर्धा इंची आणि सक्शन पूर्ण १ इंची करा. पंप मध्येच अडतो असं तुमचा ऑपरेटर म्हणाला, त्यासाठी एफआरएल, म्हणजे हवेतलं पाणी गाळणारा आणि दाब सांभाळणारा सेट, बसवा. पावसाळ्यात हवेत पाणी फार येतं आणि एक्झॉस्टला हवा पसरताना गार पडून तिथे बर्फ धरतो.

दुसरं, तो पारदर्शक पीव्हीसी पाइप आजच काढा. एमईकेपुढे तो टिकत नाही, आणि त्यातून स्टॅटिक चार्जही उतरत नाही. कंडक्टिव्ह होज घ्या. पंपाच्या बॉडीला आणि ड्रमलाही अर्थिंगची क्लिप लावा. तुम्ही पुढच्या वेळी स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीनचा पंप घेईन म्हणालात. बऱ्याच ॲसिडला तो उत्तम आहे, पण या सॉल्व्हंटवर मी तो तुम्हाला विकणार नाही.

टेफ्लॉनच्या डायाफ्रामचा पूर्ण सेट आम्ही देतोय, त्याला मागून आधार देणाऱ्या बॅकअप पडद्यासकट. बॉल आणि ओ-रिंगही बदलतोय, कारण त्याही व्हायटॉनच्याच होत्या. याचे पैसे घेणार नाही, फिटिंगचेही नाहीत. डायाफ्राम झिजणारा पार्ट आहे हे खरं, पण तुमचा झिजला नाही, आमच्या सल्ल्याने गेला. एक आधीच सांगतो. टेफ्लॉन कडक असतं, त्यामुळे पंप दर स्ट्रोकला थोडं कमी ओढेल आणि कोरडं सक्शनही (पाइप रिकामा असताना द्रव वर ओढायची ताकद) कमी होईल. तुमचा ड्रम पंपाशेजारीच आहे, तेव्हा तुम्हाला ते जाणवू नये.

फोन ठेवल्याबद्दल त्या मुलाच्या वतीने मी माफी मागतो. चौकशीच्या कागदावर आता दोन रकाने वाढवलेत: "द्रवात काय काय आहे" आणि "पंप कशाने धुणार". ते भरल्याशिवाय कोटेशन निघत नाही.

फिटर गुरुवारी सकाळी १० ला येईल. तोपर्यंत पंप चालवू नका, आणि शाईच्या व धुण्याच्या ड्रमवरच्या लेबलांचे फोटो मला पाठवून ठेवा.