बिअरच्या नावाने डोल्स्किसला बदनाम करू नका

गाणं शिकणाऱ्या भाचीच्या फोनवरही तो मेसेज येऊन थडकलाय: "लिथुआनियाचा महान गायक डानिएल्यस डोल्स्किस मैफल संपताच घामाघूम अवस्थेत गार बिअर प्यायला, फुप्फुसं गोठली आणि गेला. गाण्यानंतर दोन तास पाण्याचा थेंब नको!" वर आणखी दोन थापा: तो लहानपणापासून लिथुआनियन गाणी गायचा आणि त्याचा आवाज आज कुठेच उरलेला नाही.

आधी बिअर. डोल्स्किस ३ डिसेंबर १९३१ रोजी लिथुआनियातल्या कौनस शहरात न्यूमोनियाने गेला, एवढं खरं. बिअरचा किस्सा तिकडेही चवीने सांगतात. पण घोट जातो अन्ननलिकेतून पोटात. गिळताना स्वरयंत्राचं तोंड मिटलेलं असतं. मग फुप्फुस गोठणार कशाने? जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते की न्यूमोनिया जिवाणू, विषाणू नाहीतर बुरशीच्या संसर्गाने होतो आणि फुप्फुसांतल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, पू व पाणी साचतं. तेव्हा त्यावर अँटिबायोटिक नव्हतं. पेनिसिलिनचा शोध १९२८चा, पण रुग्णांपर्यंत ते पोचलं १९४०च्या दशकात.

बरं, बर्फगार पिऊन लगेच गायला बसलं तर काहींचा गळा आखडतो, आणि रोजच्या बेसुमार दारूने न्यूमोनियाचा धोका वाढतो. मान्य. म्हणून घशाला कोरड पडलेल्या पोरीला दोन तास तहानलेलं ठेवायचं? प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागतच नाही. उलट अंगात पाणी कमी पडलं की त्यांच्यावरचा ओलावा चिकट होतो, गाणारा खाकरत बसतो, आणि प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात. साधं पाणी प्यावं, गाण्याच्या आधीपासून, मधे मधे घोटभर. ताप-खोकल्यात धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर मात्र थेट डॉक्टर गाठावा.

बाकीचं थोडक्यात. विल्नियसच्या ज्यू घरातला हा माणूस आधी पीटर्सबर्गमध्ये रशियन गाणी गायचा. १९२९ साली कौनसला आला, भाषा झपाट्याने शिकला आणि 'मेट्रोपोलिस', 'व्हर्सालिस' या रेस्टॉरंटांत टँगो-फॉक्सट्रॉट या नाचाच्या चालींवरची लिथुआनियन गाणी गाऊ लागला. म्हणजे ज्या गाण्यांनी नाव झालं ती शेवटच्या दोन-तीन वर्षांतली.

आणि आवाज उरला नाही म्हणे! बर्लिनच्या होमोकॉर्ड कंपनीने त्याच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या काढल्या, एकेका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. यूट्यूबवर त्याचं 'पालांगोस यूरोय' हे गाणं शोधा, खरखरीसकट ऐकू येईल.