डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग नर्सचं वेगळं डायग्नोसिस कशाला? – एका कॉमेंटला उत्तर

ताई, एवढी सविस्तर कॉमेंट टाकलीत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉक्टरांनी फाइलवर स्ट्रोक लिहिलाय तर सिस्टरने वर आणखी डायग्नोसिस कशाला लिहायचं, हे नँडा-बिंडा (नर्सिंग डायग्नोसिसची ठरीव यादी काढणारी संघटना) अमेरिकेचं खूळ, आणि नाईटला एकटीच्या जिवावर अख्खा वॉर्ड असताना लिहायला वेळ कुणाला.

वेळेचं शंभर टक्के मान्य. पण ‘कशाला’ ते सांगते. डॉक्टरांचं डायग्नोसिस म्हणजे आजार, नर्सचं म्हणजे त्या आजारामुळे या पेशंटला होणारा त्रास किंवा धोका. समजा शेजारशेजारच्या बेडवर दोन आजोबा, दोघांनाही स्ट्रोक. एकाला घोटभर पाणी दिलं तरी ठसका लागतो, मग बोलताना घशात घुरघुरतं. दुसरे गिळतात छान, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच, दाढी उजव्या गालाचीच, डावीकडून हाक मारली तर ओ देत नाहीत, आणि सून म्हणते बाबा हट्टी झालेत. हट्टी कसले, युनिलॅटरल निग्लेक्ट आहे तो, डावी बाजू त्यांच्या मेंदूच्या हिशेबातच नाही! पहिल्या आजोबांना अ‍ॅस्पिरेशनचा, म्हणजे अन्न-पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका, म्हणून गिळणं तपासून होईपर्यंत तोंडाने काही नाही. दुसऱ्यांची बेल आणि पाणी उजव्या हाताशी ठेवायचं, डावा हात अंगाखाली दबलाय का ते बघायचं, सुनेला नीट समजवायचं. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना, नुसतं ‘स्ट्रोक, स्टेबल’ सांगितलं तर पुढच्या सिस्टरला यातलं काय कळणार?

अमेरिकेचं म्हणाल तर हो, तिकडचंच. 1973 साली सेंट लुईसला क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लॅविन यांनी पहिली परिषद भरवली, 1982 ला नँडा संघटना झाली. तिच्या यादीच्या 2021च्या आवृत्तीत 267 डायग्नोसिस आहेत, सगळी पाठ करा असं कुणी म्हणत नाही. त्यातल्या ‘एनर्जी फील्ड’ची (माणसाचं ऊर्जाक्षेत्र बिघडलंय असं डायग्नोसिस) तुम्ही खिल्ली उडवलीत तिथे मी तुमच्याच पार्टीत, ते एकदा यादीतून काढलं होतं, पुन्हा नाव बदलून आत आलं, कशासाठी देव जाणे. पण तेवढ्यासाठी अख्खी यादी मोडीत काढायची का?

कॉपी-पेस्टचं बोललात ते मात्र अगदी वर्मावर. स्टुडंट्स दिसेल त्या पेशंटला ‘इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी रिलेटेड टू इममोबिलिटी’ (हालचाल नसल्यामुळे कातडी खराब) चिकटवतात, आणि सगळी मेख नेमकी त्या ‘रिलेटेड टू’मध्ये असते. पाठ लाल झालीय ती हलता येत नाही म्हणून, की डायपर रात्रभर ओला राहिला म्हणून? पहिलं असेल तर दोन-दोन तासांनी कूस बदला, दुसरं असेल तर नुसती कूस बदलून काय होणार, डायपर वेळेवर बदला, कातडी कोरडी ठेवा, बॅरियर क्रीम लावा. बऱ्याचदा दोन्ही असतं, मग दोन्ही लिहा.

तुमच्या वॉर्डात फॉर्म भरायला वेळ नसेल तर तूर्तास तो राहू दे. सीरियस पेशंटपुरतं, हँडओव्हर देताना एकच नर्सिंग डायग्नोसिस कारणासकट तोंडी सांगून बघा, आणि पुढच्या ड्युटीवालीला काही फरक पडला का ते इथेच कळवा.