माफीच्या पुढचं काय?

लेखात म्हटलंय की २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी, मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांबद्दल, संसदेत माफी मागितली आणि समेटाची वाट मोकळी झाली. माफी हवीच होती. दीड लाख मूलनिवासी मुलं त्या शाळांत डांबली होती. पण बारा वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, कॅनडाच्याच क्युबेक प्रांतातल्या जोलिएतच्या रुग्णालयात जॉयस एशाक्वानचा मृत्यू झाला, त्याचं काय? अतिकामेक्व या मूलनिवासी समाजातली, सात मुलांची आई, वय अवघं ३७. पोटात दुखतंय म्हणून दाखल झालेली. खाटेवरूनच तिने फेसबुक लाइव्ह सुरू केलं. ती विव्हळतेय आणि कर्मचारी तिला मूर्ख म्हणताहेत, हे साऱ्या देशाने ऐकलं. मला तो व्हिडिओ पुरता बघवला नाही.

त्या कर्मचाऱ्यांपैकी दोघींना कामावरून काढलं. पण ‘हिला नशेचं व्यसन असणार’ हा शिक्का आधीच बसला होता, तो कुणी मारला? मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं: यात वंशभेदाचा वाटा आहे, सरकारने व्यवस्थेतला वंशभेद मान्य करावा. क्युबेक सरकारने ‘व्यवस्थेतला वंशभेद’ हा शब्द मान्य करायलाच नकार दिला. अतिकामेक्व लोकांनी मांडलेलं ‘जॉयसचं तत्त्व’, म्हणजे भेदभावाविना उपचार मिळण्याचा हक्क, तेही याच एका शब्दापायी अडलं.