आठवड्याला चार बातम्या, पण शेवटपर्यंत वाचलेल्या

"इंग्रजी सुधारायचंय ना? मग रोज इंग्रजी पेपर वाच." मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येक मुलाला हे कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं. पण पान कुठलं उघडायचं, आधी काय वाचायचं, अडलं तर काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. पोरगं स्टॉलवरून पेपर घेतं, थेट अग्रलेखाला हात घालतं आणि चार दिवसांत पेपर बंद होतो. वर "मला इंग्रजी जमतच नाही" हा शिक्का स्वतःच स्वतःवर मारून घेतं. या अर्धवट सल्ल्याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनी दहा-बारा वर्षं ही भाषा शिकलेली आहे. शब्द त्यांच्याकडे आहेत, परीक्षेपुरतं व्याकरणही आहे. चारशे-पाचशे शब्दांचा मजकूर न घाबरता सलग वाचून काढायची सवय मात्र कुणी लावलेली नाही.

परळला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. दर शनिवारी मी तिथे आठवड्याभरातल्या इंग्रजी पेपरांतून काढलेल्या बातम्या लावते. चार, फार तर पाच. कात्रण मोठ्या कागदावर चिकटवायचं आणि बाजूला भरपूर जागा मोकळी सोडायची. निवडताना मी भाषा किती सोपी आहे हे बघतच नाही. वाचणाऱ्याला विषय आधीपासून माहीत आहे का, एवढंच बघते. इतक्या दिवसांत माझं मत पक्कं झालंय की सगळं यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पावसाळ्यातली तलावांची बातमी घ्या. मुंबईला पाणी देणारे सात तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. भरले की मिळून साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी. आमच्या मुलांना ही नावं पाठ आहेत, कारण पाणीकपात लागली की पहिला फटका चाळीतल्या नळाला बसतो. त्यामुळे इंग्रजी बातमीत 'कॅचमेंट एरिया', म्हणजे ज्या परिसरातलं पाणी तलावात उतरतं तो भाग, आला म्हणून कुणी थांबत नाही. पाऊस शहरात पडून उपयोग नाही, तिकडे तलावांवर पडायला हवा, हे घरात रोज ऐकलेलं असतं. वाक्य आपोआप उलगडतं. आणि दुसऱ्या आठवड्यात तीच बातमी पुन्हा येते. आकडे बदललेले, वाक्यरचना बहुतेक तीच. तिसऱ्या आठवड्यात मुलं ती माझ्याशिवाय वाचतात. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी याला 'नॅरो रीडिंग' म्हटलंय: एकाच विषयावरचं पुन्हा पुन्हा वाचायचं, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत भेटत राहतात आणि न घोकता अंगवळणी पडतात. म्हणून मला रोजच्यापेक्षा आठवड्याची निवड बरी वाटते. विषय धरून ठेवता येतो.

मे २०२५मध्ये बेस्टचं भाडं वाढलं तेव्हाही हेच दिसलं. साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १०, एसीचं ६ वरून १२. पासाचे नवे दर बातमीत खाली होते, म्हणून एरवी दोन परिच्छेदांनंतर उठणारी मुलंही तळापर्यंत गेली. स्वतःच्या खिशाची बातमी कुणी अर्धी सोडत नाही.

बातमी कशी रचलेली असते, हेही एकदा बसून सांगावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात, मग तपशील, मग कोण काय म्हणालं, आणि मागचा इतिहास शेवटी. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून ही रचना. हे कळलं की पहिला परिच्छेद तीनदा वाचायला कंटाळा येत नाही, कारण पुढची निम्मी बातमी तिथेच हातात येते. मथळ्याचंही तसंच. घडून गेलेली गोष्ट तिथे वर्तमानकाळात लिहितात, आणि पुढे होणारी 'टू' लावून. 'रेल्वे टू रन एक्स्ट्रा ट्रेन्स' म्हणजे गाड्या अजून सुटायच्या आहेत. शाळेत काळ शिकवताना हे कुणी दाखवलेलं नसतं. मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

क्रिकेटची बातमी सोपी असेल असं सगळ्यांना वाटतं. ती तशी नसते, वार्ताहर तिथे हात मोकळा सोडून लिहितात. त्यापेक्षा हायकोर्टाच्या बातम्या कितीतरी सरळ: कुणी अर्ज केला, कशासाठी, कोर्ट काय म्हणालं.

माझी दुसरी सवय आमच्याच मुंबईतून आलेली आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी इथे 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. आधी पाक्षिक, मग त्याच वर्षी साप्ताहिक. आपलं पहिलं मराठी वृत्तपत्रच दोन्ही भाषा शेजारी ठेवून निघालं. मीही जमेल तेव्हा त्याच बातमीचं मराठी कात्रण बाजूला लावते. आधी मराठी वाचा, मग इंग्रजी. याला कुणी कुबड्या म्हणतं तेव्हा मला पटत नाही. एमपीएससी करणाऱ्या एका मुलीने परवा दोन्ही ताडून विचारलं, "ताई, मराठीत साठा टक्क्यांत दिलाय, इंग्रजीत दशलक्ष लिटरमध्ये, हिशेब जुळतो का बघूया?" आणि बघितलाही. इंग्रजी परीक्षेसारखी न वाचता बातमीसारखी वाचली, तेव्हाच असे प्रश्न सुचतात.

याउलट क्लासवाल्यांच्या त्या पीडीएफ. अग्रलेखातले वीस अवघड शब्द, समोर अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. अग्रलेख राहतो बाजूला, शब्द तेवढे पाठ, आणि परीक्षा झाली की तेही जातात. सकाळी फॉरवर्ड होऊन आलेली पीडीएफ मुलं इमानदारीने उतरवून घेताना बघते आणि वाईट वाटतं. मेहनत खरी आहे, ती नको तिथे लावली जातेय.

सोप्या केलेल्या इंग्रजीला माझा विरोध नाही. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९मध्ये सुमारे दीड हजार शब्दांत, सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू केल्या आणि जगभरच्या लोकांना त्यांचा उपयोग झाला. फ्रान्समधलं 'व्होकाब्ल' हे नियतकालिक इंग्रजी पेपरांतले लेख कठीण शब्दांच्या अर्थांसकट छापतं. नवशिक्यांनी जरूर घ्यावं. आमची मुलं मात्र नवशिकी नाहीत, त्यांना त्यांच्या गावाची बातमी हवी आहे.

गिरगाव, दादर, पार्ल्यात कितीतरी निवृत्त मंडळी रोज इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. महिन्याच्या शेवटी तो गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. जाण्याआधी त्यातल्या चार-चार बातम्या कापून जवळच्या अभ्यासिकेत नेऊन द्या, आणि शक्य असेल तर शनिवारी तासभर मुलांसोबत बसा. परळला यायचं असेल तर मला मेसेज करा. आमच्याकडे मुलं जास्त आणि बसणारी माणसं कमी आहेत.