‘४० हजारांत ट्रॅकची गाडी’ : एका मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवेड्या मुलांच्या ग्रुपवर फिरत आहे. साध्या पेट्रोल हॅचबॅकला कॉटनचा एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर) लावला की ताकद ३० टक्क्यांनी वाढते, स्प्रिंगचे दोन वेढे कापून गाडी खाली बसवावी, ब्रेकच्या डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला) भोके पाडली की ब्रेक तापत नाहीत, ब्रेक ऑइल ‘डॉट ५’ भरावे कारण आकडा मोठा, आणि शर्यतीचा ट्रॅक ही खासगी जागा असल्यामुळे कायद्याची वा विम्याची चिंता करू नये, असे त्यात छातीठोकपणे सांगितले आहे. मी तो वाचून सोडून दिला असता, परंतु परवा संध्याकाळी माझा भाचा गाडीच्या पुढच्या दोन डिस्क ‘तरुण भारत’च्या पानांत गुंडाळून बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, “मामा, रेडियल ड्रिलवर एवढी भोके मारून द्या की.”

प्रत्येक डिस्कवर त्याने स्केचपेनने ३६ ठिपके काढले होते. ही डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते, पण भरीव नसते; तिच्या दोन पाळ्यांच्या मध्ये हवा खेळवणारी पाती असतात, आणि कडेने बॅटरी मारून पाहिले तर निम्म्याहून अधिक ठिपके नेमके पात्यांवर पडत होते. म्हणजे ड्रिल पाळी भेदून अर्धे पातेही कुरतडणार होते. बिडाचे ओतकाम ज्या गावात घरोघरी कुणी ना कुणी करते, तिथल्या मुलाला हे सांगावे लागावे याचे मला वाईट वाटले. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही; तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत भोकाच्या काठावर ताण एकवटतो आणि तडा एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे सरकतो.

‘ब्रेक तापत नाहीत’ या वाक्याचा हिशेबही करून पाहावा. १,००० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ७३० किलोजूल ऊर्जा घालवावी लागते. हवेचा विरोध सोडून दिला आणि सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर धरला, तर प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला सुमारे २५५ किलोजूल येतात, आणि पाच किलोची डिस्क त्या एकाच ब्रेकमध्ये सुमारे ११० अंशांनी तापते. पुढचे वळण येईपर्यंत ती पुरती निवत नाही. उष्णता साठवते ते धातूचे वजन, आणि भोके पाडून आपण तेच कमी करतो. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की भोकांची कल्पना अगदीच हवेतली नाही: डिस्कला दाबून धरणारे जुन्या काळचे पॅड तापल्यावर वायू सोडत असत आणि त्याला वाट देण्यासाठी भोके उपयोगी पडत. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज नसते. महागड्या गाड्यांना कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात हेही खरे, पण त्यांची भोके पात्यांचा विचार करून आखलेली असतात, आणि तरीही ट्रॅकवर त्यांना तडे जातात.

डॉट ५ चा सल्ला मात्र सरळ जीवघेणा आहे. भाच्याने त्याची बाटलीही आणली होती. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, त्या डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ मध्ये तेल नसते, ग्लायकॉलजातीचे द्रव असते. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ते या तिघांत मिसळत नाही. हे आकडे ज्या अमेरिकी मानकातून आले, त्या एफएमव्हीएसएस ११६ मध्ये डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस आहे, डॉट ४ चा २३०, आणि डॉट ५ व डॉट ५.१ या दोघांचा सारखाच, २६० अंश. मग मोठ्या आकड्याने काय मिळवले? उलट सिलिकॉन पाणी शोषत नाही, म्हणून आत शिरलेले पाणी कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) तळाशी साठते, शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि पेडल फळीला टेकते. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणून एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते चालत नाही. याच मानकाने डॉट ५ ला जांभळा रंग दिला आहे, तो गफलत होऊ नये म्हणूनच. ग्लायकॉल पाणी शोषते हा त्याचा दोष खराच. पाणी मुरलेल्या डॉट ४ च्या उत्कलनबिंदूची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि खानापूरकडचा पाऊस पाहता ट्रॅकआधी ते बदललेच पाहिजे. ताजे डॉट ४ किंवा ५.१ आणि जास्त तापमान सोसणारे पॅड, एवढ्यावर पहिला ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवण्याचा दिवस, निभावतो.

फिल्टर आणि एक्झॉस्टने टर्बो नसलेल्या इंजिनात वाढतो तो मुख्यतः आवाज. टर्बो गाडीत रीमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी बदलून) ताकद खरोखर वाढते हे मला नाइलाजाने कबूल करावे लागेल, मात्र पाठोपाठ क्लच घसरू लागतो. स्प्रिंग कापल्याने ती कडक होते, शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनाच राहतो आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

राहिला कायदा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक बेळगावपासून आठशे किलोमीटरहून दूर आहे आणि केए २२ ची, म्हणजे बेळगाव नोंदणीची गाडी तिथवर सार्वजनिक रस्त्यानेच जाणार आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. भाच्याच्या पॉलिसीत ती ओळ मी त्यालाच मोठ्याने वाचायला लावली.

डिस्कवरचे ठिपके थिनरने पुसून त्या आम्ही परत बसवल्या आणि जुने ब्रेक ऑइल काढले, ते कोऱ्या चहासारखे काळपट निघाले. जांभळी बाटली अजून आमच्या टेबलावर आहे, कारण दुकानदार ती परत घ्यायला तयार नाही.