‘२४ तासांत डिलीट केलं की चालतं’ हे खरं नाही

जुन्या व्हिडिओ गेमची रॉम फाइल, म्हणजे गेमची डिजिटल प्रत, इंटरनेटवरून उतरवून २४ तासांत डिलीट केली तर ते कायदेशीर ठरतं, असा मजकूर पुन्हा फिरतोय. कॉपीराइट कायद्यात अशी सवलत नाही. फाइल उतरवली तेव्हाच प्रत तयार झाली; नंतर ती पुसली तरी झालेली गोष्ट बदलत नाही.

‘गेम आता विकत मिळत नाही, म्हणजे तो मोकळा झाला’ हेही चूक. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. अमेरिकेत कंपनीच्या नावावरच्या अशा कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे २०८० संपेपर्यंत.

एम्युलेटर म्हणजे गेमयंत्राची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथेच सगळा घोळ होतो. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अमेरिकी अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या बाजूने कौल दिला. सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्राचा बायोस (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अभ्यासण्यासाठी केलेल्या प्रती न्याय्य वापरात (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायद्यातली मुभा) बसल्या, कारण विकलेल्या एम्युलेटरमध्ये सोनीचा कोड नव्हता. मूळ बायोसची फाइल उतरवणाऱ्याला या निकालाचा आधार नाही.

हे गेम जपले जावेत असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच हा खोटा दिलासा पुढे पाठवू नका.