ऑर्डर कुणाची?

माझे बाबा पोस्टातून रिटायर झालेले. खानापूर तालुक्यातल्या आडवळणी गावांत ३४ वर्षं टपाल वाटलं त्यांनी, त्यात व्हीपी, म्हणजे दारात पैसे घेऊन द्यायची पार्सलं, किती सोडवून दिली असतील त्याची गणतीच नाही. असा माणूस गेल्या श्रावणात भर दुपारी अनगोळच्या आमच्या घरी एकटा असताना ८४९ रुपये मोजून गुडघ्याचा पट्टा घेऊन बसला. घरात कुणीच न मागवलेला.

मी सोसायटीत कामाला. संध्याकाळी आले तर टीपॉयवर खोकं. "तुझं पार्सल आलंय गं, पैसे दिलेत मी." मला वाटलं ह्यांनी मागवलं असेल, ह्यांना वाटलं मी. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मला कशाला गुडघ्याचा पट्टा?" रात्री जेवणं होईपर्यंत कळून चुकलं की हे कुणाचंच नाही.

लेबल नीट वाचलं. नाव माझं, पण आडनावाचं वाटोळं केलेलं. मोबाइल नंबर बरोबर, गल्ली बरोबर, पिनकोड बरोबर, आणि शेवटची ओळ: 'बेळगाव, महाराष्ट्र'. १९५६ पासून आमच्या तीन पिढ्यांना जे जमलं नाही, सुप्रीम कोर्टात सीमावाद म्हणून २००४ पासून जे पडून आहे, ते त्या लेबलवाल्यानं एका ओळीत मिटवून टाकलं होतं. बाबा एवढ्यावरच हसले. बाकी संध्याकाळभर गप्प होते.

आत बिल नाही. पट्टा म्हणजे जुन्या बनियनची बाही कापून त्याला वेल्क्रो शिवल्यासारखं काहीतरी. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसता गोदामाचा नंबर आणि शहराचं नाव. फोन लागत नाही.

पार्सल आणणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर गाठलं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. "ताई, खोक्यात काय हाय ते आमाला कुठं म्हाईत असतंय? एवढे घे म्हटलं, घेतलं." पाठीवर त्याच्याएवढीच बॅग, आणि अजून येळ्ळूरपर्यंत जायचं होतं त्याला. जाताजाता एवढंच म्हणाला की या आठवड्यात आमच्याच गल्लीत असली तीन खोकी दिलीत. तिन्ही घरांत दुपारी म्हातारं माणूस एकटं असतं. आता याला योगायोग म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

बाबांना ८४९ रुपयांचं दुःख नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. म्हणाले, "आमच्या वेळी ऑर्डर नसताना व्हीपी निघायचीच नाही." मला वाटलं, म्हातारपणी सगळ्यांना आपला काळ सोन्याचा वाटतो तसंच असेल. पण बेळगाव कोर्टात वकिली करणाऱ्या मामेभावाला विचारलं तर त्यानं १८९८ चा जुना टपाल कायदाच काढून दाखवला. कलम ३५. खरोखरची ऑर्डर आली आहे म्हणूनच हा माल पाठवतोय, असं पाठवणाऱ्यानं जाहीर केल्याशिवाय व्हीपी जाऊ द्यायची नाही, असा नियम करायची सोय त्यात होती. फसवणूक निघाली तर वसूल झालेले पैसे रोखून ठेवून घेणाऱ्याला परत द्यायची सोयही त्याच कलमात. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला.

म्हणजे बघा. ब्रिटिशांच्या काळात बैलगाडीतून टपाल जायचं तेव्हा सरकारला कळत होतं की दारात पैसे मागणाऱ्यानं आधी ऑर्डर दाखवली पाहिजे. आज खोकं कुठल्या वळणावर आहे ते मोबाइलवर दिसतं, पण ही ऑर्डर कुणी, कधी, कुठून दिली हे दारात उभ्या माणसाला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. दारात पैसे मागायचा हक्क आला, त्याबरोबरची जबाबदारी मात्र वाटेत कुठंतरी गळून पडली.

आता शेजारच्या मावशींची गोष्ट. माझ्या मते ती आमच्यापेक्षा जास्त शिकवणारी आहे. त्यांच्याकडे आलेल्या खोक्याचे पैसेच मागितले नाहीत. आत भाजी चिरायचं यंत्र, दोरी ओढली की आत पाती फिरतात तसलं. मावशींना वाटलं पुण्याच्या लेकानं पाठवलं. दोन दिवसांत कांदा-कोथिंबीर सगळं त्यातच. पंधरवड्यानं फोन: "मॅडम, ट्रायलची मुदत संपली, २,४९९ रुपये भरा, नाहीतर नोटीस येईल." हिंदीत, तावातावानं. मावशी इतक्या घाबरल्या की यंत्र धुऊन, पुसून, परत खोक्यात घालून माझ्याकडे घेऊन आल्या. "मी चोरी केली काय गं?"

हा प्रश्न मला आजही टोचतो. न मागवलेली वस्तू दारात टाकून जाणारा निवांत, आणि आयुष्यात कुणाचं चार आणे न बुडवलेली बाई चोरासारखी कापत उभी. हा सगळा धंदाच आपल्या लोकांच्या या स्वभावावर चालतो. फुकटाचं नको, कुणाचं देणं नको, पोलीस-कोर्ट तर नकोच नको.

कायद्याचं म्हणाल तर पहिली गोष्ट अगदी सरळ आहे. करार व्हायला दोघांची हो लागते. 'गप्प बसलात म्हणजे घेतलंत' हे चालत नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये एका काकानं पुतण्याला लिहिलं होतं की तुझं उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. कोर्टानं सांगितलं, असं समजता येणार नाही. तो खटला आपल्याकडे लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं आजही पाठ करतात. मौन म्हणजे संमती हे व्यापारात चालत नाही. (लग्न ठरवतानाही चालू नये, पण तो वेगळा विषय.)

दुसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमकी तीच गाळलेली असते. 'न मागवलेली वस्तू आली की ती तुमची, खुशाल वापरा' असं आपल्याकडे कायद्यात लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९७० पासून आहे, न मागवता टपालानं पाठवलेला माल भेट समजून ठेवायला तिथं मुभा आहे. ब्रिटननं १९७१ साली यासाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे, आणि त्यातलं उदाहरण नेमकं उलट्या बाजूचं: एखादा व्यापारी चुकून तुमच्या घरी माल ठेवून गेला आणि तुम्ही तो आपलाच समजून वापरलात, तर त्याचे पैसे द्यावे लागतील.

मावशींना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. पण उदाहरणातला 'चुकून' हा शब्द विसरू नका. मुद्दाम, मोबाइल नंबरांची यादी विकत घेऊन, गल्लीगल्लीत माल टाकायचा आणि मग वसुलीचे फोन करायचे, याला चूक म्हणत नाहीत. ते कलम प्रामाणिक व्यापाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून आहे, सापळा लावणाऱ्यासाठी नाही. शिवाय पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६१ सालीच स्पष्ट केलंय की दिलेली वस्तू नाकारायला किंवा परत करायला समोरचा मोकळा असतो, आणि त्यानं तसं केलं तर कलम ७० लागूच होत नाही.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. यंत्र वापरणं बंद. फेकलंही नाही, कुणाला दिलंही नाही. ज्या नंबरावरून फोन आला त्याच नंबरावर मावशींच्या नावानं मेसेज टाकला: ही वस्तू आम्ही मागवलेली नाही, पंधरा दिवसांत तुमच्या खर्चानं घेऊन जा, तोवर आमच्याकडे जशीच्या तशी आहे, ऑर्डर दिल्याचा पुरावा असेल तर पाठवा. स्क्रीनशॉट काढून ठेवला. पुराव्याचं नाव काढल्यावर फोन बंद झाले ते आजतागायत. नोटीस कसली, साधं 'ओके' सुद्धा आलं नाही.

तक्रार कुठं करायची यातही एक गोम आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात ग्राहक म्हणजे पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून वस्तू घेणारा. बाबांनी ८४९ मोजले, म्हणजे ते ग्राहक. त्यांना राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मावशींनी छदामही दिला नाही, मग त्या ग्राहक कशा, असा वाद कुणीही घालू शकतो. पण अनुचित व्यापार प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, त्याच कायद्याच्या कलम १७ खाली. हे फार जणांना माहीत नसतं.

आणि १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर फोनमध्ये ठेवाच. तिथं मराठीतून बोलता येतं. इथं साध्या अर्जावरची भाषा पाहूनसुद्धा कपाळाला आठ्या पडणाऱ्या गावात राहून मी भाजी चिरायच्या यंत्राची तक्रार मायबोलीत नोंदवली, तेव्हा जरा बरंच वाटलं. (कन्नडमधूनही होते. समोरच्या गल्लीतल्या अक्कांना मीच लावून दिला फोन.) बाबांच्या पट्ट्याचंही तिथं नोंदवलं. विकणाऱ्याचा पत्ताच खोटा, त्यामुळे पैशांची आशा मी सोडलीय. तक्रार सोडलेली नाही.

एक मात्र जपा: 'ऑर्डर कॅन्सल करतो, आलेला ओटीपी सांगा' असं म्हणणाऱ्याला ओटीपी सांगायचा नाही. त्यात पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा.

माझं मागणं फार मोठं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत असं आहे की ग्राहकाची संमती आधीच टिक मारून ठेवलेल्या चौकटीतून घ्यायची नाही, त्यानं स्वतः द्यायची. स्क्रीनवरच्या चौकटीला जो नियम, तो दारातल्या खोक्याला का नको? दारात पैसे मागायचे तर ऑर्डर कधी, कुठल्या नंबरावरून आली ते खोक्यावर छापा. ऑर्डर दाखवता येत नसेल तर माल घेणाऱ्याचा, विषय संपला. पट्टा बाबांचा, यंत्र मावशींचं.

बाबांनी त्या यंत्राच्या खोक्यावर स्केचपेननं पोस्टाच्या शिरस्त्यानं शेरा मारलाय: 'न मागवलेले. घेण्यास नकार.' खाली तारीख आणि लपेटीदार सही. मावशींच्या कपाटावर आहे ते, न्यायला कुणी आलेलं नाही.

बाबा मात्र आता पुन्हा ड्युटीवर आहेत. बेल वाजली की चष्मा लावून दारात. ऑर्डर कुणाची, कधीची, बिल कुठाय. परवा लेकीची अकरावीची गाईडं आली होती, मीच मागवलेली, पैसे भरलेली. पोराला आजोबांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. गाईडं परत गेली.